मध्यरात्रीचे चलान आणि कोर्टाची पायरी

शहरांतील रात्रीची नाकाबंदी आता कोणालाच नवी राहिलेली नाही. उड्डाणपुलाच्या तोंडाशी लावलेले बॅरिकेड, विजेरीचा इशारा, गाडी बाजूला घेण्याची सूचना, परवान्याची मागणी आणि अखेरीस मोबाइलवर येऊन पडणारे चलान, हा क्रम रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. चूक खरोखरच झाली असेल तर पैसे भरून मोकळे होणे उचितच. परंतु सिग्नल पिवळा असतानाच चौक ओलांडला होता, अशी चालकाची खात्री असेल आणि समोरचा हवालदार तो लाल होता असे म्हणत असेल, तर निवाडा करायचा कोणी? अशा वेळी रस्त्यावर ना तिसरा साक्षीदार असतो, ना थांबून बघणारा पादचारी. एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द एवढाच पुरावा उरतो, आणि त्यातला एक शब्द गणवेशातला असतो.

बहुतेक जण अशा प्रसंगी दोनपैकी एक मार्ग पत्करतात. काही जण निमूटपणे पैसे भरतात. उरलेले चलान तसेच पडू देतात आणि पुढे लोकअदालतीत सवलत मिळेल या आशेवर राहतात. आरोपच मान्य नाही, तो न्यायालयात सिद्ध करा, असे म्हणण्याचा तिसरा मार्ग कायद्याने प्रत्येकाला खुला ठेवला आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणीचा पगडा मात्र इतका घट्ट आहे की, त्या मार्गाकडे फारसे कोणी वळत नाही. परिणाम असा की, रोज शेकड्यांनी निघणाऱ्या चलानांमागचा पुरावा कधी तपासलाच जात नाही.

दंड कोणी ठोठावला?

बोलीभाषेत आपण 'पोलिसाने दंड केला' असे म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने हे विधान चुकीचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार शिक्षा ठोठावण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांचा आहे. रस्त्यावर किंवा संकेतस्थळावर भरली जाते ती रक्कम म्हणजे कलम २०० खालील 'तडजोड शुल्क'. कोणत्या गुन्ह्यांत तडजोड करता येईल, ती कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावी आणि किती रकमेवर करावी, हे राज्य सरकार अधिसूचनेद्वारे ठरवते. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने वाढीव दर लगेच स्वीकारले नाहीत. ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. तोवर किरकोळ नियमभंगासाठी, म्हणजे कलम १७७ खाली, पहिल्या वेळी २०० रुपये भरून सुटका होत असे. आता तीच रक्कम ५०० रुपये आहे आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये.

तडजोड या शब्दाचा अर्थच असा की, तिला दोन्ही पक्षांची संमती लागते. चालकाने ती नाकारली तर तो काही नवा गुन्हा करत नाही. प्रकरण न्यायालयात जाते एवढेच. तेथे गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते.

या व्यवस्थेत २०१९ च्या दुरुस्तीने एक महत्त्वाची भर घातली. तडजोड करून प्रकरण मिटवले तरी तो गुन्हा पुढच्या वेळी 'पूर्वीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो. म्हणजे 'कशाला कटकट, पाचशे रुपये देऊन टाकू' असे म्हणणारा चालक केवळ पाचशे रुपये देत नाही, तर आपल्या नावावर पहिला गुन्हाही लिहून देतो. पुढच्या खेपेला त्याच कलमाखाली सापडल्यास तिप्पट रक्कम मोजताना ही कबुली त्याच्या अंगावर येते. रात्री एक वाजता घरी जाण्याच्या घाईत, केलेली किंवा न केलेली चूक मान्य करताना याची कल्पना किती जणांना असते?

थांबवल्यावर कायदा काय सांगतो

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास परवाना दाखवणे हे कलम १३० नुसार चालकाचे कर्तव्य आहे. ते टाळता येत नाही आणि टाळूही नये. मात्र कागदपत्रे छापीलच हवीत, हा आग्रह आता चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतील इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे ग्राह्य आहेत.

परवाना जप्त करायचा असेल तर कलम २०६ नुसार तशी पावती देणे बंधनकारक आहे, आणि परवाना परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येते. वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. तो परवान्याविना वाहन चालवणे, नोंदणी नसणे, परमिट नसणे अशा ठरावीक कारणांपुरता आहे. स्टॉप लाइनवर चाक गेले किंवा मागचा दिवा बंद होता, म्हणून गाडीची किल्ली काढून घेणे या चौकटीत बसत नाही.

मद्यपानाचे प्रकरण मात्र वेगळे. कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही किरकोळ बाब नाही. तिचा निवाडा न्यायालयातच व्हायचा असतो. ती रस्त्यावर 'मिटवता' येते असे कोणी सांगत असेल तर ते तोडपाणीचे निमंत्रण समजावे. येथेही चालकाला संरक्षण आहे. या कलमाखाली अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी होणे आवश्यक आहे. ती न झाल्यास त्या व्यक्तीला सोडावे लागते.

अधिकारांची जाणीव असणे म्हणजे रस्त्यावर वाद घालणे नव्हे, हेही तितकेच खरे. कायदेशीर सूचना न पाळणे किंवा कामात अडथळा आणणे हा कलम १७९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. शब्दाने शब्द वाढून धक्काबुक्की झाली तर पाचशे रुपयांचे प्रकरण भारतीय न्याय संहितेपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून चलान अमान्य असेल तर ते शांतपणे सांगावे, कोणते कलम लावले आहे हे विचारावे, ठिकाण, वेळ आणि अधिकाऱ्याच्या गणवेशावरील नाव टिपून घ्यावे आणि निघावे. लढाई असलीच तर ती दुसऱ्या दिवशीची आहे.

पुरावा कोणता?

न्यायालयात प्रकरण उभे राहिले तर ते कशावर टिकेल, हे कायद्याने बऱ्याच अंशी स्पष्ट केले आहे. वेगमर्यादेचे उदाहरण बोलके आहे. कलम १८३ नुसार 'गाडी फार वेगात होती' असे एका साक्षीदाराचे केवळ मत असेल, तर त्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. त्या मताला वेग मोजणाऱ्या यंत्राचा आधार लागतो. म्हणजे रिकाम्या रस्त्यावर सुसाट आलात, एवढे हवालदाराचे म्हणणे पुरेसे नाही.

कलम २०९ तर सामान्य चालकाच्या फारसे वाचनातही येत नाही. अतिवेग किंवा धोकादायक वाहन चालवणे, म्हणजे कलम १८३ आणि १८४, यांखाली दोषी ठरवायचे असेल तर तीनपैकी एक गोष्ट घडलेली असावी लागते. गुन्ह्याच्या वेळीच खटल्याचा इशारा दिलेला असावा, १४ दिवसांच्या आत नोटीस पाठवलेली असावी किंवा २८ दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे. काही अपवाद आहेत. तथापि नियम हाच. लाल सिग्नल ओलांडणे हे २०१९ पासून कलम १८४ मध्ये मोडू शकते. तोच प्रकार कलम ११९ सह १७७ खालीही नोंदवला जाऊ शकतो. त्यामुळे चलानावरचे कलम वाचणे हे बचावाचे पहिले पाऊल ठरते.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आणला. यंत्रांना मंजुरीचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेरे असलेल्या ठिकाणी ठळक सूचनाफलक असावेत, नोटीस १५ दिवसांच्या आत जावी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत चित्रण जपून ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. पोलिसांच्या गणवेशावर लावायच्या कॅमेऱ्यांचाही समावेश या यंत्रांमध्ये आहे. रात्रीच्या नाकाबंदीत नेमक्या याच कॅमेऱ्याची सर्वाधिक गरज असते.

प्रत्यक्षात अनेक चलानांसोबत येते ते वाहनाच्या नंबर प्लेटचे छायाचित्र. गाडी त्या रस्त्यावर होती, एवढे त्यातून सिद्ध होते. सिग्नल कोणत्या रंगाचा होता, हे त्यात दिसत नाही. शिवाय रात्री उशिरा अनेक चौकांतील सिग्नल उघडझाप करणाऱ्या पिवळ्या दिव्यावर ठेवले जातात. तेव्हा सावधपणे पुढे जाण्यास मुभा असते. त्या क्षणी सिग्नल कोणत्या स्थितीत होता याची नोंद सरकार पक्षाने मांडायला हवी. पोलिसांनी खासगी मोबाइलवर छायाचित्रे काढून ती नंतर यंत्रणेत चढवण्याच्या पद्धतीवरून इतक्या तक्रारी झाल्या की, जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाला ती पद्धत थांबवण्याचे परिपत्रक काढावे लागले. तक्रारींत तथ्य नसते तर अशा परिपत्रकाची गरजच पडली नसती.

हक्काची किंमत

मग एवढे सारे कायद्यात असताना लोक लढत का नाहीत? उत्तर सरळ आहे. हक्क बजावण्याची किंमत दंडापेक्षा जास्त आहे.

वाहतूक पोलिसांच्या ॲपवर आणि संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. पण ती नाकारली गेली तर कशाच्या आधारे, याचे कारण मिळण्याची शाश्वती नाही, आणि ज्या यंत्रणेने चलान काढले तीच यंत्रणा त्याविरुद्धची तक्रार ऐकते. पुढची पायरी न्यायालयाची. वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालयाची सोय महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरपासून सुरू झाली. तेथे गुन्हा कबूल करून घरबसल्या पैसे भरता येतात. कबूल नसेल तर मात्र प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. थोडक्यात, कबुली ऑनलाइन आणि इन्कार ऑफलाइन, अशी ही रचना आहे. चूक मान्य करणाऱ्यासाठी दोन मिनिटे, अमान्य करणाऱ्यासाठी तारखांचे हेलपाटे.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पगारी नोकरदाराची अर्ध्या दिवसाची रजा जाईल. घरोघरी जेवण पोहोचवणारा तरुण, रिक्षाचालक, पहाटे बाजार समितीत माल उतरवणारा टेम्पोवाला यांची त्या दिवसाची कमाईच बुडते. रात्री रस्त्यावर असणे हा त्यांचा पोटाचा प्रश्न आहे आणि म्हणूनच रात्रीच्या नाकाबंदीत तेच अधिक सापडतात. ज्याला लढण्याची गरज सर्वाधिक, त्याला लढणे सर्वात कमी परवडते.

चिरीमिरीची मुळेही याच दरीत रुजतात. चलान पाचशेचे, न्यायालयात एक दिवसाचा खाडा, मग दोनशे देऊन सुटका का नको, असा हिशेब अंधारात दोन्ही बाजूंनी मांडला जातो. लाच देणे हा २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्याचाही गुन्हा आहे. ती देणे भाग पडले असेल आणि सात दिवसांच्या आत तसे कळवले तरच देणाऱ्याला संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

लोकअदालतीचे औषध

थकलेल्या चलानांवर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे लोकअदालत. तेथे गर्दी होते, थकबाकी कमी होते आणि सवलतीच्या बातम्या झळकतात. पण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार लोकअदालतीचे काम समेट घडवण्याचे आहे. आरोप खरा की खोटा याचा निवाडा तेथे होत नाही, आणि तेथील निवाड्यावर अपीलही नाही. ज्याने दहा वेळा सिग्नल तोडला त्याला सवलतीचा लाभ होतो. ज्याने एकदाही तोडला नाही त्याला न केलेल्या गुन्ह्याची अर्धी किंमत मोजावी लागते, वर त्याने समाधान मानावे अशी अपेक्षा असते. पहिल्याला शिस्त लागत नाही आणि दुसऱ्याला न्याय मिळत नाही.

मुदतीचा मुद्दाही दुर्लक्षितच राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार, ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायला हवी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हीच मुदत होती. मुदत उलटली की चलान आपोआप पुसले जाते असे नाही. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. परंतु त्यासाठी कारण द्यावे लागते. तीन-चार वर्षांपूर्वीच्या चलानांची एकगठ्ठा मागणी होते, तेव्हा हे कारण कोणी विचारत नाही, कारण विचारणारा न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही.

केंद्राच्या नियमांची दिशाही लक्षात घेण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात, चलान मिळाल्यावर ४५ दिवसांत पैसे भरावेत किंवा आक्षेप घ्यावा, अन्यथा ते मान्य आहे असे गृहीत धरावे, अशी कल्पना मांडली गेली. मुदत घालून देण्यात गैर काही नाही. परंतु मौनाला कबुली मानायचे असेल, तर बोलण्याची सोय आधी स्वस्त आणि सुलभ असली पाहिजे. जुना मोबाइल क्रमांक, विकलेली गाडी, बनावट नंबर प्लेट अशा कारणांनी ज्याला चलानाचा पत्ताच लागला नाही, त्याचे मौन कबुली कसे ठरेल?

पोलिसांची बाजू

रात्रीच्या तपासणीची गरज कोणी नाकारू नये. २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा रात्रीचा बंदोबस्त कुठे होता असा सवाल साऱ्या राज्याने विचारला, आणि तो योग्यच होता. थंडी-पावसात, वाहनांच्या धुरात, अपुऱ्या मनुष्यबळावर उभे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांवर मद्यधुंद चालकांनी गाड्या घातल्याच्या घटनाही घडल्या आहेत.

पण कल्याणीनगरच्या प्रकरणाने आणखीही काही दाखवले. अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, त्यावर संताप उसळला आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मोठ्या गुन्ह्यातील पुरावा इतक्या सहजपणे बदलण्याचा प्रयत्न होऊ शकतो, तर छोट्या गुन्ह्यातील पुराव्याकडे कोणी पाहतच नसेल, तेथे काय होत असेल? पुराव्याची शिस्त मोठ्या खटल्यापुरती शिकवता येत नाही. ती रोजच्या पाचशे रुपयांच्या चलानातूनच यंत्रणेच्या अंगवळणी पडते.

करता येण्याजोगे

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. असलेल्या चौकटीत बरेच काही करता येईल. रात्रीच्या नाकाबंदीत प्रत्येक पथकाकडे गणवेशावरचा कॅमेरा सुरू असावा आणि त्याचे चित्रण चलानाच्या दुव्यावरच पाहता यावे. तक्रारीचा निर्णय चलान काढणाऱ्या विभागाबाहेरच्या अधिकाऱ्याने, ठरावीक दिवसांत आणि कारणांसह द्यावा. चित्रण सादर झाले नाही तर चलान मागे घ्यावे. आरोप नाकारणाऱ्यालाही आभासी न्यायालयात, शक्यतो कामाच्या वेळेबाहेर, सुनावणी मिळावी. आणि किती चलानांना आव्हान दिले गेले, त्यांतील किती टिकली, याचे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत.

तोपर्यंत वाहनचालकाच्या हाती काही साधने आहेतच. अमान्य असलेल्या चलानाची तक्रार मुदतीत आणि लेखी करावी. सिग्नलची नोंद, यंत्राचे प्रमाणपत्र आणि मूळ चित्रण माहिती अधिकारात मागता येते. दहा रुपयांच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा आला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र त्यासोबत आहे का, हे विचारता येते. कलम २०८ नुसार समन्सला वकिलामार्फतही उत्तर देता येते. दर तारखेला स्वतः उभे राहावेच लागते असे नाही.

यातून पाचशे रुपये वाचतीलच, असे नाही; कदाचित खर्च वाढेलही. तरीही खात्री असलेल्या काही चालकांनी हा मार्ग धरला तर चलान काढणाऱ्यालाही, उद्या आपल्याला याचा पुरावा द्यावा लागेल, ही जाणीव राहील. आज ती जाणीव नाही, आणि रात्रीच्या अंधारात तीच सर्वात जास्त हवी आहे.